दिल्याप्रमाणे घ्या

१०.५१

"खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या, ताई. अकरानंतर मशीनला खोकला परवडत नाही."

आमचा कॉम्प्युटरवाला किरण मगदूम दारात उभा राहून म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मी घसा खाकरून दाखवला. त्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खिळ्याला पाटी अडकवली. पाटीवर काय आहे ते मला पाठ होतं. 'सर्व्हर रूम. प्रवेश बंद.'

आत सर्व्हर नव्हता. आत मी होते, एक लॅपटॉप, एक टेबलफॅन आणि पाठ असलेली एक खुर्ची.

खुर्चीचं आधी सांगते. इथं येण्यापूर्वी चौदा वर्षं मी मिरजेत एका मेडिकल दुकानाच्या काउंटरमागं उभी होते. उभी म्हणजे उभीच. पण डॉक्टरांची अक्षरं मला लागायची. मिरजेत डॉक्टर उदंड, आणि एकाचं अक्षर दुसऱ्याला वाचता येईल तर शपथ. शेजारपाजारची दुकानं माणसं माझ्याकडे पाठवायची : मुजावर बाईंकडून वाचून आणा. इंद्रनील घोरपडेनं मला तिथंच हेरलं. वय एकोणतीस, बेंगळुरूची नोकरी सोडून गावी आलेला, आणि डोक्यात एक अ‍ॅप. नाव 'सुवाच्य'. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. कुठली गोळी, किती, कधी, हे नव्वद सेकंदांत ठळक मराठी अक्षरांत तुमच्या फोनवर. जाहिरातीत लिहिलं होतं : ना माणूस, ना चूक.

माणूस मी होते.

"हे तात्पुरतं आहे, तबस्सुमताई," इंद्रनील पहिल्या दिवशी म्हणाला होता. "तुम्ही वाचता ते बघून मशीन शिकत जाणार. दोन वर्षांत त्याचं ते वाचेल."

तोवर ऑफिसात मलाच मशीन म्हणायचे. मशीनला चहा द्या. मशीन जेवायला गेलंय. रमजानात मगदूम सगळ्यांना दम द्यायचा, "मशीनसमोर खाऊ नका रे, पाप लागेल."

आज पुण्याहून देवधर मॅडम येणार होत्या. त्या पैसे घालणार असतील तर आम्ही अकरा जण पुढची दोन वर्षं इथं असणार होतो. नाहीतर दोन महिने.

११.०४

भिंत प्लायवूडची होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि इकडचंही तिकडं जायचं. म्हणून फॅन बंद.

"हा समोरचा टीव्ही बघा, मॅडम. आत्ता, या क्षणी लोक ज्या चिठ्ठ्या पाठवतायत त्या डावीकडे. मशीनचं उत्तर उजवीकडे. वरती घड्याळ. नावं लपवली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं."

"मध्ये कोणी बघत नाही?"

"कोणीच नाही."

मी बोटांचा आवाज होऊ नये म्हणून कीबोर्डखाली रुमाल घातला होता.

"मग माझी एक चिठ्ठी टाकू का?" मॅडमचा आवाज. पर्स उघडल्याचा आवाज. "माझ्या हाडांच्या डॉक्टरांची आहे. आमचा मेडिकलवाला तीन वर्षांत वाचू शकला नाही."

फोटो माझ्यासमोर आला. अक्षर बघून मला हसू आलं. असल्या वळणाचे दोन डॉक्टर मी पाळीव मांजरासारखे ओळखत होते. कॅल्शियम, रात्री एक. ड जीवनसत्त्वाची पुडी, पंधरवड्यातून एकदा, दुधातून. एक्केचाळीस सेकंद.

पलीकडे कागद पुन्हा उलगडल्याचा आवाज. मग मॅडम म्हणाल्या, "बाप रे."

"बाप नाही मॅडम, मशीन," मगदूम म्हणाला, आणि पलीकडे सगळे हसले. मीही हसले. तोंडावर हात धरून.

११.१३

डावीकडे फोटो आला नाही. मजकूर आला.

'तोंडात फोड आले आहेत. पाणीसुद्धा झोंबते. ताप आहे. आज नववी गोळी घेतली. चालू ठेवू का?'

घड्याळ सुरू झालं.

९०.
खातं उघडलं. नऊ दिवसांपूर्वीची चिठ्ठी. भूपाल आवटी, वय ७१, तासगाव. फोटोत चिठ्ठीचा उजवा कोपरा दुमडलेला.

७८.
मेथोट्रेक्सेट. संधिवाताची गोळी. आठवड्यातून एकदा घ्यायची. रोज घेतली तर रक्त सुकवून टाकते, माणूस जातो. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. काउंटरवर ही गोळी देताना मी पाकिटावर वार लिहायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडून तो वदवून घ्यायचे, मगच पाकीट हातातून सोडायचे.

६६.
माझं उत्तर. गोळी : मेथोट्रेक्सेट. किती : एक. कितीदा : रोज.

६०.
कितीदा हे ज्या कोपऱ्यात लिहिलेलं असणार तोच दुमडलेला होता. आधी आमच्याकडे 'अस्पष्ट' असं बटण होतं. ते दाबलं की माणसाला निरोप जायचा, पुन्हा फोटो पाठवा. पाहुणे येणार म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ते बटण काढलं. मशीन वाचता येत नाही म्हणालं तर लोक मेडिकलमध्येच जातील ना, ताई? आता 'कितीदा'चा चौकोन रिकामा सोडता येत नव्हता. काही भरलं नाही तर त्यात आपोआप 'रोज' यायचं.

मी काही भरलं नव्हतं.

५१.
उत्तराखाली आणखी दोन ओळी होत्या. त्याच दिवशी आवटींनी उलट एक प्रश्न विचारला होता. त्याखाली माझं उत्तर, तयार बटणातलं. अशी दहा-बारा तयार बटणं होती, सर्वांत वरचं मी दिवसातून साठ वेळा दाबायचे : 'होय, दिल्याप्रमाणे घ्या.'

तो प्रश्न मी तेव्हा वाचला नव्हता. आत्ता वाचला.

३८.
आणखी एकदा वाचला.

३०.
टीव्हीवर सगळं दिसत होतं. मॅडमना, इंद्रनीलला, सगळ्यांना.

१४.
'गोळी ताबडतोब बंद करा. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा.'

पाठवलं.

११.१५

"अरे वा," देवधर मॅडम म्हणाल्या. "हे सल्लाही देतं?"

इंद्रनील अर्धा क्षण थांबला. भिंतीपलीकडून मला तो अर्धा क्षण ऐकू आला. "हो. म्हणजे, नवीनच घातलंय. लक्षणं ओळखतं."

"पण का जा म्हणालं ते नाही सांगत."

"ते पुढच्या टप्प्यात..."

डावीकडे नवीन मजकूर उमटला होता.

'का? रोज घ्या असे तुम्हीच लिहिले होते.'

पलीकडे खुर्ची सरकली. मग इंद्रनीलचा आवाज, जरा उंच : "मगदूम, नेटवर्क बघ रे. मॅडम, तोवर आपण स्लाईड्स बघू. चहा घेणार ना? विदाउट शुगर?"

टीव्ही बंद झाल्याचा टक् असा आवाज झाला. दार उघडलं. इंद्रनील आत आला, पाठोपाठ मगदूम. दार लागलं. त्या खोलीत तीन माणसं उभी राहिली की भिंतींना खांदे लागायचे.

११.१७ (सगळं कुजबुजत)

"काय करताय तुम्ही?"

"सर, त्यांचा नंबर द्या."

"आधी हळू बोला."

"हळूच बोलतेय. नंबर द्या. माझ्या स्क्रीनवर नंबर दिसत नाही. नऊ गोळ्या गेल्यात पोटात. मी रोज लिहिलं. आठवड्याची गोळी आहे ती."

"नक्की?"

"चौदा वर्षं विकली मी ती, सर."

मगदूमनं माझ्या स्क्रीनकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा विनोद पुसला गेला. "आयला. खरंय, सर."

"मग जा म्हणून सांगितलंय ना त्यांना? जातील."

"नाही जाणार. का म्हणून विचारतायत ते. कारण सांगितल्याशिवाय हा माणूस हलणार नाही. आणि दवाखान्यात गेले तरी नऊ गोळ्या रोजच्या रोज घेतल्या हे डॉक्टरला कळायला पाहिजे. तोंड आलंय म्हणून जिभेला लावायचं मलम देऊन परत पाठवतील. मला फोन करू द्या. आमची चूक झाली म्हणून सांगते."

"आमची कोणाची?"

मी तरीही नंबरासाठी हात पुढं केला.

"फोन केलात की तो विचारणार, बाई तुम्ही कोण. काय सांगणार? मी मशीन बोलतेय?"

मगदूम फसकन हसला आणि लगेच ओशाळला. "सॉरी."

इंद्रनीलनं डोळे मिटले, दोन बोटांनी नाकाचं हाड दाबलं. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलीला बारावीला गणित जड जात होतं तेव्हा तो दर शनिवारी ऑफिसात तिला शिकवायचा. डोळे उघडून तो म्हणाला, "माझं ऐका. त्या माणसाचा जीव वाचणं महत्त्वाचं. बरोबर?"

"बरोबर."

"पाच मिनिटांत दवाखान्याच्या वाटेला लागला पाहिजे. बरोबर? आता समजा आपण लिहिलं, चूक आमची होती. काय करेल तो? आधी भांडेल. मुलाला फोन करेल. मुलगा आपल्याला फोन करेल. तास गेला. त्याऐवजी समजा त्याला वाटलं की आपणच चुकीचं वाचलं. घाबरेल. ताबडतोब निघेल. आपली चूक कळलेला माणूस वाद घालत नाही."

"पण तिथं तर रोज लिहिलंय."

इंद्रनीलनं मगदूमकडे बघितलं.

मगदूम म्हणाला, "सर, नको."

"किती वेळ लागेल?"

"वेळेचं नाही ओ..."

"किरण. किती वेळ?"

"एक मिनिट. आपल्या बाजूनं बदललं की त्यांच्या फोनवरही बदलतं."

मला समजायला थोडा वेळ लागला. पलीकडे कपबशीचा आवाज आला, मॅडम कोणाला तरी विचारत होत्या, इकडं पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कुठवर येतं.

"आणि त्या खालच्या दोन ओळी?" मी विचारलं.

"त्या काढायच्या."

"त्यांनी विचारलं होतं, सर. त्यांनी विचारलेलं आहे तिथं."

"ताई," इंद्रनील म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कळवळलेला होता, "आपण इथं बोलतोय तेवढा वेळ ते घरात बसून आहेत. तुम्ही ठरवा."

मगदूमनं स्वतःचा लॅपटॉप फाइलींच्या गठ्ठ्यावर उघडला. त्याच्या बोटांचा आवाज होत होता, त्याच्याकडे रुमाल नव्हता. माझ्या स्क्रीनवर 'रोज' हा शब्द गेला. तिथं 'आठवड्यातून एकदा, सोमवारी' आलं. खालच्या दोन ओळी गेल्या. मध्ये मोकळी जागासुद्धा उरली नाही.

"सोमवारी कशाला लिहिलंस?" मी विचारलं.

"खरं वाटायला," मगदूम माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्यांच्याच प्रश्नात होतं की."

इंद्रनील म्हणाला, "आता पाठवा."

मजकूर मी लिहिला. त्यातल्या 'घ्यायची असते'चं 'सांगितली होती' इंद्रनीलनं केलं.

'आपणास ही गोळी आठवड्यातून एकदा सांगितली होती. कृपया वरील उत्तर पुन्हा वाचा. आपण नऊ दिवस रोज घेतली असल्यास जिवाला धोका आहे. तातडीने इस्पितळात दाखल व्हा आणि हा मजकूर डॉक्टरांना दाखवा.'

पाठवायचं बटण माझ्या खात्यातून होतं. इंद्रनीलनं ते दाबलं नाही. मगदूमनं दाबलं नाही. मी दाबलं.

११.२४

टीव्ही पुन्हा लागला. मला वाटलं होतं, ते थोडं थांबतील. पण मॅडमनी स्वतःच विचारलं होतं : त्या तोंड आलेल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

डावीकडे बराच वेळ काही नाही. तीन मिनिटं. चार.

मग :

'पुन्हा वाचले. आपले बरोबर आहे. माझ्याच वाचण्यात चूक झाली. मी आपल्याला विचारल्याचेही आठवते, पण तसे इथे काही दिसत नाही. क्षमस्व. निघतो.'

"क्षमस्व!" देवधर मॅडम म्हणाल्या. "इंद्रनील, हे मशीन पेशंटची चूकसुद्धा पकडतं? तुला कळतंय का तू काय केलंयस? आत्ता आपल्या डोळ्यांदेखत एक माणूस वाचला."

टाळ्या वाजल्या. प्लायवूड थरथरलं.

दुपारी पेढे आले. मगदूमनं बॉक्स आत आणून टेबलावर ठेवला, आणि दार हळूच ओढून घेतलं.

 

त्यानंतरचे अकरा दिवस.

रोज सकाळी मी आवटींचं खातं उघडायचे. काही नसायचं. काही नसणं म्हणजे काय, हे मेडिकलच्या काउंटरवर शिकलेल्या बाईला सांगावं लागत नाही. महिन्याची गोळी नेणारं गिऱ्हाईक दोन महिने आलं नाही की आम्ही त्याच्या घरच्यांना विचारत नसू. वही काढून नाव खोडत असू.

'अस्पष्ट'चं बटण मी परत मागितलं. इंद्रनील म्हणाला, "पुढच्या अपडेटमध्ये." मी चिठ्ठ्या हळू वाचायला लागले. घड्याळ लाल व्हायचं. नव्वदची शंभर सेकंदं, एकशे वीस. मगदूमनं गुपचूप घड्याळच हळू करून ठेवलं. त्यानं तेवढं केलं.

बाराव्या दिवशी ऑफिसात शिरले तर पाण्याच्या फिल्टरच्या वर, सगळ्यांना दिसेल असा, एक छापील कागद चिकटवलेला होता. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, वर इंद्रनीलच्या अक्षरात : 'यासाठी आपण काम करतो!'

'नमस्कार. माझे वडील भूपाल आवटी यांना काल सुट्टी मिळाली. पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस उशीर झाला असता तर हाती लागले नसते. आपल्या अ‍ॅपने वेळेत सावध केले म्हणून ते आज आहेत. मात्र त्यांना आता एकटे ठेवणे शक्य नाही. लिहिलेले नीट वाचत नाहीत, आणि न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतात. गुरुवारी पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तासगावचे घर बंद करत आहोत. त्यांचे खाते कृपया बंद करावे. पुनश्च आभार. आपला, अभिनंदन आवटी.'

त्या दिवशी बुधवार होता.

मी पर्स ठेवलीच नव्हती. तशीच मागं वळले.

"मशीन कुठं चाललं?" कोणीतरी विचारलं.

 

तासगावात आवटींचं घर विचारावं लागलं नाही फार. स्टँडवर एका दुकानदाराला नाव सांगितलं तर तो म्हणाला, "वजनमापवाले आवटी? काय माणूस ओ. माझ्या बापाचा तराजू तीनदा जप्त केलाय त्यांनी. कुठं एक ग्रॅम सोडला नाही. दवाखान्यात होते म्हणे?"

दार मुलानं उघडलं. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, बाह्या वर दुमडलेल्या. मागं हॉलमध्ये खोकी, गुंडाळलेली गादी, दोरी. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, हडकुळा म्हातारा बसला होता. ओठ अजून सोललेले. मांडीवर कपड्यांची बॅग, चेन लावलेली, आणि दोन्ही हात बॅगेवर, स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तसे.

"मी तबस्सुम मुजावर. मिरजेहून आले. 'सुवाच्य'मधून."

"अरे! या, या ना," अभिनंदनचा चेहराच बदलला. "अण्णा, अ‍ॅपवाल्या बाई आल्यात. बघा, माणूस पाठवला त्यांनी चौकशीला. बसा हो, खुर्ची... थांबा, हे खोकं उचलतो."

"नको. मी उभीच ठीक आहे."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मशीन चांगलं आहे तुमचं. माझीच नजर गेली."

"नाही गेली," मी म्हणाले.

बसमध्ये मी पुष्कळ वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही आलं नाही. जे आलं ते असं : "मशीन नाहीये. मी वाचते चिठ्ठ्या. तुमची मी वाचली. रोज घ्या असं मीच लिहिलं होतं. नंतर ते बदललं. तुमच्या फोनमधलं पण बदललं. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

अभिनंदन खोकं हातात धरून उभा राहिला.

"काय बोलताय तुम्ही?"

"खरं बोलतेय."

त्यानं खोकं खाली ठेवलं, खिशातून फोन काढला. वडिलांचा होता तो, आता त्याच्या खिशात असायचा. "हे बघा. आठवड्यातून एकदा, सोमवारी. स्वच्छ लिहिलंय. मी स्वतः पन्नासदा वाचलंय. दवाखान्यात रोज हेच चाललं होतं ह्यांचं, रोज लिहिलं होतं, रोज लिहिलं होतं. आत्ता कुठं गप्प झालेत. उद्या डॉक्टरची वेळ आहे. आणि तुम्ही येऊन त्यांना पुन्हा चढवताय? कंपनीनं पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही. कंपनीला माहीत नाही."

"मग पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"काही नाही. पुसलं सगळं."

"बाई, तुम्ही चांगल्या मनानं आला असाल. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत असाल. पण हे असं..."

"अभी," म्हातारा म्हणाला. "दोन कागद आण."

"अण्णा, आता नको."

"आण म्हटलं ना."

आवाजात असं काही होतं की पस्तिशीचा माणूस मुकाट आत गेला. एका वहीतली दोन पानं फाडून आणली, दोन पेनं. आवटींनी एक कागद घेतला, दुसरा माझ्याकडे द्यायला लावला. बॅग मांडीवरून खाली ठेवली. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते.

"मी तुमच्या मशीनला एक प्रश्न विचारला होता. माझ्या आठवणीप्रमाणे. मुलाच्या आणि डॉक्टरच्या मते मी विचारलाच नव्हता. मी काय विचारलं ते मी इथं लिहितो. तुम्हाला काय आलं ते तुम्ही तिथं लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. बोलायचं नाही. अभी, तू मध्ये उभा राहा."

"अण्णा, हे काय..."

"तीस वर्षं मी काटे तपासले. दुकानदार काय म्हणतो ते ऐकायचं नसतं. दोन्ही पारड्यांत घालायचं आणि बघायचं."

अभिनंदन आमच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमुळं मला म्हातारा दिसेना. पेनाचा आवाज तेवढा येत होता, थांबत थांबत. त्यांची बोटं दुखत असणार. संधिवातच तो.

मी खोक्यावर कागद ठेवला आणि लिहिलं. मला शब्द आठवावे लागले नाहीत. ते गेले नव्हतेच कुठं.

लिहून झाल्यावर मी कागद दुमडला. त्यांनीही. अभिनंदननं दोन्ही घेतले. आधी वडिलांचा उघडला, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, जरा वैतागूनच, संपवून टाकावं तसा.

"'रोज म्हणजे रोजच का? डॉक्टर सोमवारचं काहीतरी बोलल्यासारखे वाटतात. मला नीट ऐकू आले नाही. खात्री करून सांगावे.'"

मग माझा उघडला. तो त्यानं मोठ्यानं वाचला नाही. ओठ हलत होते.

"वाच," आवटी म्हणाले.

"'रोज म्हणजे अगदी रोजच का?'" त्याचा आवाज उतरला होता. "'डॉक्टर सोमवार असे काहीतरी म्हणाले होते. मला ऐकू कमी येते. कृपया खात्री करून सांगावे.' अण्णा, खाली ह्यांनी आणखी एक ओळ लिहिलीय."

"वाच की."

"'उत्तर. होय, दिल्याप्रमाणे घ्या.'"

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो किक मारत राहिला.

"विचारलं होतं तुम्ही," अभिनंदन म्हणाला. "सोमवार म्हणाला होतात."

आवटींनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वीस दिवस," ते म्हणाले. "पहिले नऊ शरीर खाल्लंत माझं. पुढचे अकरा डोकं. नऊचं मी समजू शकतो. चूक होते, काटा झिजतो. पण काटा झिजल्यावर वजनं बदलणारा माणूस..." ते थांबले. त्यांचे सोललेले ओठ बोलताना दुखत होते. "अभी, त्यांचा कागद त्यांना परत दे. खाली नाव, पत्ता, तारीख लिहायला सांग. मशीन कोण चालवतं तेही. सही."

अभिनंदननं कागद पुढं केला. मला ठाऊक होतं की हा कागद कुठं कुठं जाईल, आणि त्या खुर्चीवर मी पुन्हा बसणार नाही, इतर दहा जणही बसणार नाहीत. मी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. मशीन कोण चालवतं ते दोन ओळींत मावलं. सही केली.

वर बघितलं तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. बॅगही नव्हती. आतल्या खोलीतून चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग एकेक हँगर दांडीवर परत अडकल्याचा.